रात्रीची लाईट, रात्रीची कमाई

(पडद्यावर: अंधार. लांबवर बॅटरीचा झोत हलतोय. मोटारीचा आवाज.)

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. तापीच्या उत्तरेला, चोपडा तालुक्यातल्या या गावात एकाच घरातली दोन माणसं जागी आहेत. आप्पा बॅटरी घेऊन मळ्यात गेलेत. या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे आणि केळी पाण्याला थांबत नाही. वरच्या खोलीत त्यांचा मुलगा लॅपटॉपपुढे बसलाय. दिवसा तो जळगावच्या एमआयडीसीत इंजिनिअर, रात्री अमेरिकेतल्या एका ग्राहकासाठी मशीनच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढतो. तिकडे या वेळी दुपार असते.

कॅमेरा लावायच्या आधीच त्याने बजावलं, नाव घेऊ नका, चेहरा दाखवू नका. म्हणून आपण त्याला नुसतं 'भाऊ' म्हणू. खान्देशात तसंही सगळ्यांना भाऊच म्हणतात.

(पडद्यावर: कीबोर्डवरची बोटं. शेजारी स्टीलच्या पेल्यात गार झालेला चहा.)

भाऊचा पगार वर्षाला 9 लाख. ड्रॉइंगचे साधारण 12 लाख येतात, तेही डॉलरमध्ये. पगाराचा फॉर्म 16, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला, कंपनी देते आणि यंदा त्यात कापलेला कर असेल शून्य. 2025-26 पासून नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर लागत नाही, हे आता पानटपरीवरही पाठ आहे. भाऊने सोपा हिशेब केला. पगार बाराच्या आत, ड्रॉइंगचे पैसेही बाराच्या वर नाहीत, म्हणजे दोन्हीकडे माफी.

चूक इथेच झाली. माफी एका पॅनवरच्या एकूण उत्पन्नाला आहे. पगार वेगळा आणि रात्रीचं काम वेगळं, असे दोन गल्ले तिथे नसतात.

आता पाटीवर मांडू. पगारातून 75 हजारांची प्रमाणित वजावट गेली, उरले 8 लाख 25 हजार. ड्रॉइंगच्या 2025-26 च्या कमाईला आयकर कायद्याचं 44 एडीए हे कलम लागतं. इंजिनिअर, डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट अशा ठरावीक व्यवसायांसाठी ते आहे. जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवायची, बाकी निम्मी खर्चापोटी सोडलेली. लॅपटॉप, इंटरनेट, इन्व्हर्टर, कशाचीही पावती मागत नाहीत. वर्षाची जमा 50 लाखांच्या आत हवी. रोखीचा भाग 5 टक्क्यांवर नसेल तर 75 लाखांपर्यंत चालतं. निम्म्याहून कमी नफा दाखवायचा म्हटलं, तर मात्र वह्या ठेवा आणि ऑडिट करून घ्या.

म्हणजे ड्रॉइंगचा नफा 6 लाख. बेरीज 14 लाख 25 हजार.

आता माफी गेली. बारा लाखांच्या थोडंसंच पुढे गेलं तर कायदा सांभाळून घेतो, सव्वादोन लाख पुढे गेल्यावर नाही. मग मोजणी चार लाखांपासून सुरू होते. चार ते आठला 5 टक्के, 20 हजार. आठ ते बाराला 10 टक्के, 40 हजार. वरच्या सव्वादोन लाखांना 15 टक्के, 33,750. त्यावर 4 टक्के उपकर. एकूण 97,500 रुपये.

वेगवेगळं पाहिलं तर दोन्हीकडे शून्य, एकत्र केलं तर साडेसत्त्याण्णव हजार. सीएंनी हा आकडा कागदावर लिहिला तेव्हा भाऊने म्हणे दोनदा विचारलं, 'कॉमा बरोबर जागी आहे ना?'

(पडद्यावर: केळीची बाग. घडांवर चढवलेल्या पिशव्या.)

गावात मात्र यावर एक जुना उतारा आहे. ओट्यावर बसलेल्या काकांनी तो लगेच सांगितला.

'केळीमा दखाडी दे. कोन इचारस?'

केळीत दाखवून टाक, कोण विचारतंय! शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरंच आहे, आणि बागायती पट्ट्यात हा मोह घरोघरी असतो. पण जरा बघा. सातबारा आप्पांच्या नावावर, पीकपेरा त्यांचाच, व्यापाऱ्याची पट्टीही त्यांच्याच नावाची. भाऊच्या नावावर एक गुंठाही नाही. वर पैसे आलेत डॉलरमध्ये, आणि ते कशापोटी आले याचा परपज कोड बँकेत नोंदलेला आहे. जळगावची केळी आखाती देशांत जाते हे मान्य, पण ती ऑटोकॅडच्या, म्हणजे ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरच्या, फाइलमधून जात नाही.

उद्या जमीन भाऊच्या नावावर झाली तरी शेतीचा आकडा झाकून चालत नाही. त्यावर कर नसला तरी तो बेरजेत धरून बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरतो. शिवाय शेतीचं उत्पन्न 5 हजारांच्या पुढे गेलं की रिटर्नचा सुटसुटीत फॉर्म, आयटीआर-4, भरता येत नाही, मोठा आयटीआर-3 भरावा लागतो. सध्या भाऊचं आयटीआर-4 मध्ये भागतं.

गेल्या वर्षी मात्र फॉर्मच चुकला होता. तालुक्याच्या गावी एका कॉम्प्युटरवाल्याने फॉर्म 16 बघून पाच मिनिटांत आयटीआर-1 भरून दिला आणि पाचशे रुपये घेतले. ड्रॉइंगचे पैसे त्याने विचारले नाहीत, भाऊनेही सांगितले नाहीत. धंद्या-व्यवसायाचं उत्पन्न असलेल्याला आयटीआर-1 चालतच नाही. सुधारित रिटर्नची 31 डिसेंबरची मुदतही निघून गेली. आता त्याला अपडेटेड रिटर्न भरावं लागतंय, म्हणजे मूळ कर, त्यावरचं व्याज आणि या दोन्हींच्या बेरजेवर आणखी 25 टक्के. उशीर करत गेलं तर हे 25 पुढे 50, 60, अगदी 70 टक्क्यांपर्यंत जातात.

यंदा तो आधीच जागा झालाय. पगारावरचा कर कंपनी बघते, पण परदेशी ग्राहक काही आपला टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापत नाही. कराची बाकी 10 हजार किंवा जास्त असेल तर ॲडव्हान्स टॅक्स, म्हणजे वर्ष संपायच्या आतच द्यायचा कर, आपणच भरायचा. इतरांना जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च असे चार हप्ते असतात, 44 एडीएवाल्यांना एकच, 15 मार्चचा. तो चुकवून जुलैत भरला असता तर व्याजापोटी 4,875 रुपये जास्त गेले असते. कंपनीलाच सांगून पगारातून जादा कर कापून घेण्याचीही सोय आहे. पण भाऊ ते करणार नाही. कंपनीला कळवायचंच नाही, यासाठी तर चेहरा लपवलाय. (नेमणूकपत्रात दुसऱ्या कामाला बंदी आहे का, हा प्रश्न कराचा नाही. ते पत्र त्याने अजून उघडलेलं नाही.)

जीएसटीची नोंदणी त्याला लागलेली नाही. सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे.

(पडद्यावर: लॅपटॉपची स्क्रीन. मार्चचा दुसरा आठवडा.)

पोर्टलवर चलान भरताना तो दोनदा अडखळला. पैसे 2025-26 च्या कमाईवरचे, पण चलानावर कर निर्धारण वर्ष निवडायचं 2026-27. मग कराचा प्रकार. 100 म्हणजे ॲडव्हान्स, 300 म्हणजे स्वयंनिर्धारण, वर्ष संपल्यावर उरलेला कर. बोट आधी तीनशेवर गेलं होतं. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू. त्यात कलमांचे आकडे बदलतात, 'कर निर्धारण वर्ष' हा शब्दही जातो. हा गोंधळ घालणारं हे शेवटचंच वर्ष, असं भाऊ म्हणाला आणि ओटीपी टाकला.

खाली दार वाजलं. आप्पा मळ्यातून आले होते, पाय चिखलाने भरलेले.

'किती भरले?'

भाऊने आकडा सांगितला. आप्पा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'एवढ्यात आख्ख्या बागेचं ठिबक नवं झालं असतं.' आणि पाय धुवायला मोरीकडे गेले.

वर मेलची टिंग वाजली. ड्रॉइंगमधलं एक भोक दोन मिलिमीटरने सरकवायचं होतं.