स्कॅन क्लीन आला, तरी मेल दुसराच कसा वाचतोय?

नमस्कार मंडळी! कमेंटमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय: "दादा, स्पायवेअर काढलं, पासवर्ड बदलला, तरी माझ्या अकाउंटवरून मेल जातायत." स्पायवेअर म्हणजे मशीनमध्ये लपून तुमची माहिती चोरणारं सॉफ्टवेअर. आज त्यावरच बोलू.

ओळखायचं कसं, ते पटकन. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमध्ये स्टार्टअप बघा. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, म्हणजे त्यात जोडलेली छोटी ॲप्स बघा. तुम्ही न टाकलेलं काही दिसतंय का? फोनवर कुणीतरी सांगितलं म्हणून एनीडेस्क, म्हणजे दुरून तुमचं मशीन चालवू देणारं ॲप, टाकलं असेल, तर काढा. मशीन स्लो झालं नाही म्हणून निर्धास्त राहू नका. रेडलाइनसारखं चोरटं सॉफ्टवेअर ब्राउझरमधले पासवर्ड आणि कुकीज चटकन उचलतं, तुम्हाला पत्ताही लागत नाही.

काढायला विंडोज सिक्युरिटीत जा, आधी अपडेट करा, मग स्कॅन ऑप्शन्समधून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. हातातलं काम सेव्ह करून ठेवा, मशीन रीस्टार्ट होतं. साधारण १५ मिनिटं लागतात.

आता खरी मेख. बरेच जण घाबरून त्याच मशीनवर आधी पासवर्ड बदलतात. अहो, कीलॉगर, म्हणजे तुम्ही दाबलेली प्रत्येक की टिपणारं सॉफ्टवेअर, आत असेल तर नवा पासवर्डही त्यालाच मिळणार! पासवर्ड बदलायचा तो दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून.

आणि तेवढ्यानं भागत नाही. लॉगिन झाल्यावर ब्राउझरमध्ये कुकी राहते, म्हणजे तुम्ही आत आलेले आहात याची छोटी खूण. ती चोरीला गेली की चोराला पासवर्ड लागत नाही, ओटीपीही लागत नाही. कुलूप बदललं, पण चोर घरातच बसलाय, असं होतं. म्हणून "सगळीकडून साइन आउट" केल्याशिवाय उठायचं नाही.

आमच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्या काकांचं हेच झालं. लग्नपत्रिकांचा सीझन, कुणीतरी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं क्रॅक, म्हणजे पैसे न भरता चालणारी चोरीची कॉपी, दिलं. सोबतच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, "आधी अँटिव्हायरस बंद करा." काकांनी केला. पुढे मशीन साफ केलं, स्कॅन क्लीन आला, तरी गिऱ्हाइकांना त्यांच्या नावानं मेल जातच होते. मी त्यांच्या फोनवर गूगल अकाउंट उघडलं, सिक्युरिटी, मग "युअर डिव्हायसेस". यादीत एक विंडोज कॉम्प्युटर, काका कधी गेलेच नाहीत त्या गावचा. तिथे साइन आउट दाबलं, पासवर्ड बदलला, तेव्हा कुठे मेल थांबले.

त्यामुळे कमेंटमध्ये क्रॅकची लिंक मागणाऱ्यांनो, नाही देणार. रागवा, अनसबस्क्राइब करा, तरी नाही. जे सॉफ्टवेअर अँटिव्हायरस बंद करायला सांगतं, ते तिथेच डिलीट करा.

साइन आउट झालं की जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्सही तपासा. तिथे अनोळखी पत्ता टाकून ठेवला असेल, तर तुमचे मेल गुपचूप जातच राहतील. खात्यातून पैसे गेले असतील, तर हा व्हिडिओ इथेच थांबवा आणि आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, लावा.