कमी आवाजाची बंदूक घेताना

मंडळी, आधी कानाचं सांगतो, बंदुकीचं नंतर. माझ्या डाव्या कानात गेली सहा-सात वर्षं रातकिडा ओरडतोय. दिवसा कामाच्या गडबडीत जाणवत नाही पण रात्री उशीला डोकं टेकलं की सुरू. डावाच कान का, तर उजव्या खांद्याला दस्ता लावून नेम धरला की डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला जातो. डॉक्टर म्हणाले हा आता जायचा नाही. बारा बोअरच्या (बोअर म्हणजे नळीचं माप) साध्या बंदुकीचा बार कानाशी १५० डेसिबलच्या वर जातो, आणि इथे ब्रिटनमध्ये कामाच्या ठिकाणच्या आवाजाचे जे २००५ चे नियम आहेत त्यात एका झटक्याच्या आवाजाची शेवटची मर्यादा १४० आहे. डेसिबलमध्ये दर दहाला आवाजाची ताकद दहापट होते, त्यामुळे १४० आणि १५० मध्ये थोडासाच फरक आहे असं कृपया समजू नका. मी पहिली चार वर्षं कानात काही न घालता बार काढले, आणि ज्याने शिकवलं त्यानेही कधी सांगितलं नाही.

सायलेन्सर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर सिनेमातला मारेकरी येतो. पण हा प्रकार काढला हायरम पर्सी मॅक्झिम या अमेरिकन माणसाने, १९०९ साली त्याला पेटंट मिळालं, आणि मोटारीच्या धुराड्याचा आवाज कमी करणं आणि बंदुकीचा कमी करणं ही त्याच्या दृष्टीने एकाच जातीची कामं होती. त्याचा बाप म्हणजे मशीनगनवाला मॅक्झिम, आणि तो आयुष्यभर तोफा-बंदुकांजवळ राहून पार बहिरा झालेला. बापाचे कान गेले आणि मुलाने आवाज कमी करायचं यंत्र केलं, ही गोष्ट मला फार लागते.

आता मी हे का करतो. मी इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये राहतो, शनिवार-रविवार दोन शेतकऱ्यांच्या शेतावर वुडपिजन नावाच्या रानकबुतरांपासून पीक राखायला जातो. रेपसीड, म्हणजे आपल्या मोहरीची चुलत बहीण, हिवाळ्यात दुसरं हिरवं काही नसतं तेव्हा हे पक्षी थव्याने त्यावर उतरतात आणि कोवळा पाला देठापर्यंत खाऊन टाकतात. आपल्या पारव्यापेक्षा थोराड, अर्धा किलोचा पक्षी, मानेला पांढरा पट्टा, ब्रिटनमध्ये त्यांच्या पन्नास लाखांच्या आसपास जोड्या आहेत. माझा आजा मंगळवेढ्याकडं ज्वारीच्या रानात माळ्यावर उभा राहून गोफण फिरवायचा, हुर्रर्र करून ओरडायचा, डबा बडवायचा, कारण तिथे आवाज हेच हत्यार होतं. इथेही शेतकरी गॅसची तोफ लावतात, दर काही मिनिटांनी आपोआप धडाम करणारी, पण आठवड्याभरात पक्षी त्या तोफेवरच बसायला लागतात. इंग्लंडमध्ये पिकाचं गंभीर नुकसान टाळायला जनरल लायसन्सखाली, म्हणजे सगळ्यांना लागू असलेल्या सरकारी परवान्याखाली, वुडपिजन मारायची परवानगी आहे, पण त्याची अटच अशी की हुसकावण्यासारखे बाकीचे कायदेशीर उपायही करायचे. नुसती हौस म्हणून त्या लायसन्सच्या आडून बार काढणाऱ्यांचा मला राग येतो.

ऑनलाइन कोणी सोलापूर-कोल्हापुरातून ऐकत असेल त्यांना हात जोडून सांगतो, हे सगळं इथलं आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार हा गुन्हा आहे, आणि आपला राज्यपक्षी हरियाल हाही एक कबुतरच आहे हे विसरू नका.

आवाज कुठून येतो ते एकदा नीट कळलं की दुकानात कोणी फसवू शकत नाही. बंदुकीत दोन मोठे आवाज असतात. एक, नळीच्या तोंडातून दाबातला गरम गॅस एकदम बाहेर फुटतो तो. दुसरा, छर्रे आवाजाच्या वेगापेक्षा जोरात जात असले तर हवेत जो चाबकासारखा फटकारा बसतो तो. मॉडरेटर, म्हणजे तोच सायलेन्सर, फक्त पहिल्यावर काम करतो, गॅसला कप्प्याकप्प्यांतून फिरवून थंड करत हळूहळू सोडतो. दुसऱ्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही, त्यासाठी काडतूसच हळू हवं. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे १,११५ फूट, आणि नेहमीचं काडतूस छर्रे १,३५०, १,४५० फुटांनी फेकतं. सबसॉनिक, म्हणजे आवाजापेक्षा हळू, काडतूस १,०५० च्या आसपास किंवा खाली. म्हणजे महागडी मॉडरेटरवाली बंदूक घेऊन त्यात जोरदार काडतूस घातलं तर निम्मे पैसे पाण्यात गेले, आणि असं करणारे मी बरेच बघितलेत. शिवाय मॉडरेटर म्हणजे मुकी बंदूक नव्हे, सगळं जुळलं तरी वीस-तीस डेसिबल कमी होतात, कानावर मफ तरीही हवेतच.

शॉटगनला मॉडरेटर बसवणं रायफलपेक्षा अवघड आहे कारण गोळीसारखी एकच वस्तू बाहेर येत नाही, मूठभर छर्रे येतात आणि त्यांच्यामागे वॅड, म्हणजे दारू आणि छऱ्यांच्या मधलं बूच, येतो, आणि हा वॅड नळीतून सुटला की फुलासारखा उमलतो आणि कप्प्याच्या कडेला अडकू शकतो. म्हणून बऱ्याच बंदुकांत नळीलाच पुढच्या भागात बारीक भोकं पाडून सगळ्याभोवती जाड नळकांडं चढवलेलं असतं, गॅस भोकांतून बाजूला जातो आणि वॅड सरळ पुढे. दोन नळ्यांच्या बंदुकीला हे जमवणं जवळपास अशक्य, म्हणून एकनळी, बोल्टची किंवा पंपाची असेच पर्याय राहतात. सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणारी, घ्यायचा मोह होतो पण सबसॉनिकचा धक्का इतका मऊ असतो की पुष्कळदा तिची यंत्रणा फिरतच नाही, रिकामं काडतूस आत अडकून बसतं.

आता मुख्य प्रश्न, जो मला सगळेच विचारतात, ४१० ची बारीक नळीची घ्यायची की बारा बोअर. ४१० ची नळी जेमतेम साडेदहा मिलिमीटर, दारू थोडी, त्यामुळे गॅसही थोडा, ती सहज शांत होते, हलकी असते, उचलली की खांद्यावर येते. पण तीन इंची काडतुसातसुद्धा छर्रे १८-१९ ग्रॅमच. बारा बोअरमध्ये २८ ग्रॅम. सहा नंबरचे छर्रे २८ ग्रॅममध्ये २७० च्या आसपास बसतात, १८ ग्रॅममध्ये १७५ सुद्धा नाहीत. वुडपिजन जागच्या जागी मरायचा तर तीस इंची वर्तुळात १२०-१३० छर्रे पडायला हवेत असा इथला जुना हिशेब आहे, आता तुम्हीच बघा ४१० मध्ये वाया घालवायला किती उरतात. म्हणून ४१० वीस-बावीस यार्डांपर्यंतच. सबसॉनिक बारा बोअर तीसपर्यंत. त्यापुढे दोन्ही नाही, दुकानदार काहीही सांगो. आधी ठरवा की तुमच्या शेतावर पक्षी किती जवळ येतात, मग बंदूक बघा. लोक उलट करतात.

हे मी शिकलो ते वाईट रीतीने शिकलो. पहिली शांत बंदूक मी बारा बोअरची पंपवाली घेतली, तोंडाशी जड, डावा हात अर्ध्या तासात भरून यायचा. फेब्रुवारीतली संध्याकाळ, पक्षी रानात रातथाऱ्याला येत होते, आणि बारचा आवाज इतका मऊ की शेजारच्या झाडावरचे उडतसुद्धा नव्हते. त्या शांततेनं मला सगळंच जवळ आहे असं वाटायला लागलं. एकावर बार टाकला, तो हलला, पिसं उडाली, पण उडत जाऊन कुंपणापलीकडे पडला. नंतर पावलं मोजली, ३८ भरली. त्याला शोधायला अर्धा तास लागला, बॅटरीच्या उजेडात काटेरी झुडपाच्या बुडाशी सापडला, एक पंख पसरलेला, आणि ती फिकट पिवळी बुबुळं माझ्याकडे लागलेली. हाताने मान मोडावी लागली. ती बंदूक मी त्या महिन्यात विकली. आता ४१० वापरतो, आणि पक्षी वीसच्या आत आला नाही तर बार नाही, दिवसभरात चार मिळाले तरी चार.

यासाठी आडोसा नीट करावा लागतो, जाळी, फांद्या, समोर दोन डझन डिकॉय, म्हणजे खोटे पक्षी, वाऱ्याकडे तोंड करून मांडायचे, मधे मोकळी जागा ठेवायची म्हणजे पक्षी तिथे उतरायला येतो. त्याबद्दल बोलायला लागलो तर रात्र होईल.

पण छऱ्यांच्या धातूबद्दल बोललंच पाहिजे, कारण २०२५ च्या जुलैमध्ये इथल्या सरकारने शिशाच्या छऱ्यांवर बंदी जाहीर केली, तीन वर्षांच्या मुदतीने. बंदी योग्यच आहे, शिसं विष आहे, पाणपक्ष्यांसाठी इंग्लंडमध्ये ती १९९९ पासून आहेच. फक्त शांत बंदुकीला तिचा फटका सगळ्यात जास्त. स्टीलची घनता ७.८, शिशाची ११.३, म्हणजे तेवढ्याच आकाराचा छर्रा तीस टक्क्यांनी हलका. जोरदार काडतुसात वेग वाढवून ते भरून काढतात, पण आपल्याला वेग वाढवायचाच नाहीये! हलका छर्रा आणि हळू, वीस यार्डांवर जाऊन नुसती पिसं उडवील आणि पक्षी जखमी करील. उरतं बिस्मथ, शिशाहून थोडंच हलकं, पण किंमत काही पटींनी. तेव्हा आज कोणी घेत असेल तर त्याने आधी त्या बोअरमध्ये बिस्मथचं सबसॉनिक मिळतंय का ते बघावं आणि वर्षाला किती पेट्या लागतील त्याचे पैसे धरूनच बंदुकीचं बजेट ठरवावं.

जुनी घेताना नळीवर प्रूफचे, म्हणजे नळी दाब सोसते हे तपासल्याचे, शिक्के बघा, लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे. भोकं पाडल्यानंतर ती नळी पुन्हा प्रूफ झालीय का हे स्पष्ट विचारा, नुसतं 'हो हो' म्हणाले तर कागद मागा. घरच्या घरी नळीला भोकं पाडायचा विचार तर मनातही आणू नका. शॉटगनच्या मॉडरेटरला इथे वेगळं सर्टिफिकेट लागत नाही, पण बंदुकीला पोलिसांचं शॉटगन सर्टिफिकेट लागतंच, पाच वर्षांचं, आणि नळी २४ इंचांच्या आत नको, मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसं बसायला नकोत.

आणि साफसफाई. बार झाले की नळकांड्यात ओल धरते, गॅसमधली वाफ थंड होते ना. घरी आल्या आल्या बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघायचं, नळकांडं खोलता येत असेल तर खोलून वर्तमानपत्रावर आपटायचं, राखाडी काजळी आणि फायबर वॅडचा भुगा चमचाभर पडतो, ओलसर, फटाक्यांच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसा वास. ते तसंच कपाटात ठेवलं तर आतून गंज चढतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

घ्यायच्या आधी दुकानदाराला म्हणा, मला वीस यार्डांवर कागदावर बार काढून बघू दे. मी माझ्या ४१० चे सहा कागद जपून ठेवलेत, तीन काडतुसांचे दोन-दोन, वर्तुळं आखून छर्रे मोजलेले. त्यातल्या एका काडतुसात मधोमध तळहाताएवढी जागा दोन्ही वेळा कोरी राहिली आणि ते काडतूस मी पुन्हा घेतलं नाही. कागद गाडीत आहेत, चहा झाला की ज्यांना बघायचेत त्यांनी बाहेर या.