यशवंतराव होळकर आणि माळव्यातला चिखल

पत्रिकेत विषय छापलाय राजघाटचा तह, म्हणजे होळकर आणि इंग्रज कंपनी यांच्यातला. तिकडे येतोच, पण आधी थोडं चिखलाबद्दल बोलू द्या.

पुण्यात यशवंतरावांचं नाव काढलं की २५ ऑक्टोबर १८०२ची हडपसरची लढाई आणि पाठोपाठची लूट, एवढंच निघतं. पुढे दुसरे बाजीराव पेशवे वसईला इंग्रजांशी तह करतात आणि होळकर पुस्तकातून गायब! १८०४चा पावसाळा कुणी शिकवतच नाही. माझं खरं दुखणं ते आहे.

त्या जुलैत कंपनीचा कर्नल मॉन्सन होळकरांवर पाच पलटणी घेऊन मुकुंदऱ्याची खिंड ओलांडून माळव्यात उतरला. गुजरातेतून कंपनीचाच कर्नल मरे येऊन मिळेल हा भरवसा. तर बातमी आली, मरे मागे फिरतोय, आणि होळकर चंबळ उतरलेत. छावणीत दाणा दोन दिवसांपुरता. ८ जुलैला मॉन्सन परत निघाला. पिछाडीला ठेवलेलं ल्यूकनचं घोडदळ होळकरांनी त्याच दिवशी कापून काढलं. खिंडीत मॉन्सनने हल्ला परतवला, हे मान्य केलं पाहिजे. पण कोट्याच्या जालीमसिंहाने शहरात घेतलं नाही आणि वरून पाऊस लागला.

काळ्या मातीत तोफ ओढून नेणं म्हणजे काय? चाक आसापर्यंत रुतलं की बैल गुडघ्यावर येतो, आणि आणखी जोड्या जुंपल्या तर त्याही तिथेच रुततात. शेवटी तोफांच्या कानात मेखा ठोकल्या, दारूगोळा नासवला, आणि सगळं तिथेच टाकलं. पुढे नद्या तुडुंब. गोरे तोफची हत्तींवरून आधी पार, पलटणी तराफ्यांची वाट बघत. होळकरांचे स्वार समोरासमोर भिडतच नव्हते. उतारावर अर्धी फौज पलीकडे गेली की अलीकडच्या अर्ध्या फौजेवर तुटून पडायचं. बनास नदीवर तेच झालं. ऑगस्टअखेर आग्र्याला पोचले ते फौजेचे अवशेष. (मागच्या रांगेत कुणी वाळूत रुतलेल्या एसटीला धक्का मारला असेल, तर त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

चिखलाचा दुसरा अवतार म्हणजे भरतपूर. होळकरांना आसरा देणाऱ्या जाटांचे मातीचे तट. दगडी तट गोळ्याने फुटतो, माती गोळा गिळते. जानेवारी-फेब्रुवारी १८०५मध्ये कंपनीचा सरसेनापती जनरल लेकने चार हल्ले केले, चारही फसले. एकदा खंदकावर टाकायला पूल करून आणला, तर आतल्यांनी पाणी वाढवलेलं. पूल आखूड पडला!

मात्र पाऊस सरल्यावर हेच होळकर उघडे पडत. नोव्हेंबर १८०४मध्ये फर्रुखाबादेत लेकचं घोडदळ रात्रभर दौडत आलं, तेव्हा यांची छावणी झोपेत आणि घोडी दावणीला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर तह. होळकर मदत मागायला पंजाबात गेले, तिथल्या शीख राजा रणजितसिंहाने हात आखडता घेतला. तिकडे गव्हर्नर जनरल वेलस्लीला परत बोलावलेलं, त्याच्या जागी आलेला कॉर्नवॉलिस वारलेला, आणि त्याच्यानंतरच्या बार्लोला खर्च आवरायचा होता. २४ डिसेंबर १८०५ला बियासकाठी राजघाटला तह झाला. टोंक-रामपुरा, बुंदीवरचे हक्क सोडायचे, कंपनीच्या परवानगीशिवाय गोरा चाकरीला ठेवायचा नाही. पण तैनाती फौज, म्हणजे आपल्या खर्चाने पोसायची कंपनीची फौज, नाही! पेशव्यांनी आणि निजामाने जी गळ्यात बांधून घेतली, ती यांनी घेतली नाही. टोंक-रामपुराही बार्लोने लगेच परत दिला. पुढे होळकरांनी भानपुऱ्याला तोफा ओतायचा कारखाना काढला. मन ताळ्यावर राहीना, आणि २८ ऑक्टोबर १८११ला तिथेच वारले. बाकीचं प्रश्नोत्तरांत.