नादारीच्या अर्जात धंद्याची गाडी

मंडळी, कर्ज डोक्यावरून गेलं की कोर्टात नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करता येतो, हे आता पुष्कळांना माहीत आहे. पण हर्णैहून मासळी उचलणाऱ्या पिकअपवाल्याचा किंवा देवगडचा आंबा वाशीला नेणाऱ्या टेम्पोवाल्याचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: गाडी राहील का? गाडी गेली तर खाणार काय आणि फेडणार काय?

उत्तर आधी आरसीवर शोधा. तिथे बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा, म्हणजे आपण ज्याला ‘एचपी’ म्हणतो तो, चढलेला आहे का? कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरतोच असं नाही. सावकाराचा, म्हणजे त्या बँकेचा किंवा कंपनीचा, ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा फॉर्म) घेऊन आरटीओत तो उतरवून घ्यावा लागतो. अर्ज करण्याआधी हे काम उरका. नाहीतर फिटलेली गाडीही कागदावर तारणच दिसते.

बोजा असेल तर नीट ऐका, कारण सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमध्ये साध्या माणसाची नादारी अजून १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याने चालते आणि अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेत धंद्याच्या बिनबोजाच्या वाहनाला स्पष्ट सूट आहे. पण व्यक्तींसाठीचा तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता लागू झाला. जुन्या कायद्याच्या कलम २८ नुसार नादार ठरल्यावर साध्या येणेकऱ्यांना, म्हणजे तारणाशिवाय पैसे दिलेल्यांना, कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर वसुलीची कारवाई करता येत नाही. तारण असलेल्या सावकाराला मात्र ही आडकाठी नाही. हप्ते थकले तर तो करारानुसार गाडी ताब्यात घेऊ शकतो. म्हणून बोजाची गाडी वाचवायची तर कोर्टाच्या आधी सावकाराशी बोलणं व्हायला हवं.

त्या बोलण्यात आपल्या किनाऱ्याचं वेळापत्रक मांडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, आंबा मेअखेर संपतो, म्हणजे पावसाळ्यात गाडी जवळपास उभीच. जून-जुलैचे हप्ते लहान आणि नोव्हेंबर ते मे मोठे, अशी फेरबांधणी लेखी मागा, सोबत गेल्या १२ महिन्यांचं बँक खातं आणि भाड्याची वही जोडा. हे मे महिन्यात करा. ९० दिवस थकलं की खातं अनुत्पादित, म्हणजे थकलेलं (एनपीए), धरलं जातं आणि मग समोरच्याचा सूर बदलतो.

तरी गाडी उचलायला माणसं आलीच तर हाणामारी नको, पण गप्पही राहू नका. फायनान्स कंपनीच्या करारात ताबा घेण्यापूर्वीची नोटीस, ताब्याची पद्धत आणि विक्रीआधीची शेवटची संधी लिहिलेली असावी, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. दमदाटीला कायदा थारा देत नाही. जॅक, स्टेपनी, ताडपत्री, क्रेट यांची यादी करून सही घ्या, किलोमीटरच्या आकड्याचा फोटो काढा. बर्फाचं खारं पाणी झिरपून चेसिस आणि पाटे आधीच गंजलेले असतात. पावसात यार्डात उभी राहिली की गाडीची किंमत भराभर उतरते. समजा बाकी ४,८०,००० आहे आणि लिलावात ३,५०,००० आले. उरलेले १,३०,००० सावकार नादारीत साधं देणं म्हणून दाखल करू शकतो. ही रक्कम तुमच्या अर्जातल्या देण्यांच्या यादीतही हवी.

आता बिनबोजाची गाडी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून सुटलेली वस्तू नादारीतही सुटते. त्यात कारागिराची हत्यारं आणि शेतकऱ्याची अवजारं आहेत, पण टेम्पो किंवा रिक्षा हे शब्द नाहीत. त्यामुळे सूट मिळेलच असं गृहीत धरू नका, ती मागावी लागेल. नुसतं ‘उदरनिर्वाहाचं साधन’ लिहून भागत नाही. परमिट, फिटनेस, विमा, भाड्याच्या पावत्या आणि घरात दुसरी कमाई नसल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. सूट नाकारली तरी दोन वाटा उरतात. १९२० च्या नादारी कायद्याच्या कलम ५९ खाली कोर्टाच्या परवानगीने रिसीव्हर, म्हणजे तुमची मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस, धंदा चालू ठेवू शकतो, पण मालमत्ता नीट निकाली काढण्यापुरताच. आणि त्याच कायद्याच्या कलम ३८ खाली येणेकऱ्यांशी तडजोड मांडता येते. गाडी विकून एकदाच मिळणारी रक्कम आणि तीन हंगामांत मिळणारे हप्ते, दोन्ही आकडे शेजारी ठेवलेत तर येणेकरी ऐकतात.

गाडी मेहुण्याच्या नावावर करण्याचा मोह मात्र टाळाच. नादारीचा अर्ज दाखल होण्याआधीच्या दोन वर्षांतलं असं मोबदल्याविना हस्तांतर रद्द होऊ शकतं. मालमत्ता लपवली तर कलम ६९ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. शिवाय मुक्तीचा, म्हणजे देण्यांतून सुटकेचा, आदेशही अडकतो.

मुक्ती मिळेपर्यंत नवी गाडी घ्यायची घाई नको, कारण त्या काळात घेतलेली मालमत्ताही रिसीव्हरकडे जाते. नादारीच्या आदेशात मुक्तीच्या अर्जासाठी मुदत दिलेली असते. ती चुकली तर नादारीच रद्द होते आणि येणेकरी पुन्हा दारात येतात. कर्जाला जामीन राहिलेला भाऊ किंवा शेजारी तुमच्या मुक्तीने सुटत नाही, म्हणून त्याला अर्ज दाखल होण्याआधीच सगळं सांगा.