उतार ढिला कधी होतो?

[दृश्य : पाटण तालुका, जिल्हा सातारा. झाडांची तोड झालेला डोंगरउतार.]

तोडीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात उतार सहसा जागेवरच असतो. म्हणून तोड करणारा सांगतो, "बघा, काही झालं का?" होणार कसं? जमिनीतली मुळं अजून शाबूत असतात. ती कुजत जातात तशी मातीची पकड सुटते. साधारण तिसऱ्या ते दहाव्या वर्षात उतार सगळ्यात ढिला असतो. लगेच रोपं लावली तरी त्यांची मुळं तोवर पुरेशी खोल गेलेली नसतात.

[दृश्य : जुना बुंधा, अगदी जवळून.]

साल बोटानं निघते. आत भुसा, आणि मुळांच्या जागी पोकळ नळ्या. पावसाचं पाणी त्यांतून थेट खाली उतरतं. खालचा कातळ ते फारसं मुरू देत नाही. माती आणि कातळाच्या सांध्यावर साचलेलं पाणी मातीला आतून उचलतं, वरून माती भिजून जड झालेली, आणि अख्खा थर घसरतो.

जुलै २०२१ मध्ये याच तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या. त्याच सुमाराला महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. याच जिल्ह्यातल्या दुष्काळी दहिवडीला वर्षभरात सरासरी एवढा पडत नाही. अशा पावसात दाट झाडीचे उतारही सुटतात, त्यामुळे सगळं खापर तोडीवर फोडता येणार नाही. पण तोडलेला उतार याहून बऱ्याच कमी पावसात सुटतो, आणि रस्त्यासाठी जेसीबीनं पायथा कापला असेल तर आणखी लवकर.

[दृश्य : घरांमागचा चढ.]

वरच्या अंगाला अर्धगोल भेग, अचानक फुटलेला गढूळ झरा, कललेले खांब. भर पावसात यातलं काही दिसलं तर घर सोडायचं, पाहणीची वाट बघायची नाही. उघडीप मिळाली की भेग चिकणमातीनं ठासून बुजवायची आणि वरचं पाणी उतरत्या चरानं बाजूला काढायचं. समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर, इथं नकोत. माळावर ते पाणी मुरवतात ते ठीक, पण अशा उतारावर मुरलेलं पाणीच घात करतं.

[दृश्य : फुटवा आलेलं ऐनाचं झाड.]

तोड करायचीच असेल तर बुंधा उपटू नका. ऐन, किंजळ, जांभूळ पुन्हा फुटतात, म्हणजे मूळ जिवंत राहतं. जमिनीपासून १५ सेंटीमीटरच्या आत, तिरका आणि साफ काप घ्यायचा. सपाट काप घेतला की पाणी साचून बुरशी धरते. साल फाटली की फुटवा कमजोर येतो. पहिली दोन-तीन वर्षं गुरं आणि वणवा दूर ठेवायचा. दुसऱ्या वर्षी दोन-तीन जोमदार धुमारे राखून बाकीचे छाटायचे.