चरबी घटावी, स्नायू टिकावेत

श्रोतेहो, नमस्कार.

वजन कमी करण्याचे मनावर घेतलेला माणूस सकाळी काट्यावर उभा राहतो आणि आकडा खाली गेलेला दिसला की त्याचा दिवस आनंदात जातो. या आनंदावर विरजण घालण्याचा माझा हेतू नाही. परंतु काट्याला कळतो तो फक्त एकूण भार. गेलेला किलो चरबीचा होता, पाण्याचा होता की मांडीच्या आणि पाठीच्या स्नायूंचा होता, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. वास्तविक आपल्याला वजन कमी करायचे नसतेच, चरबी कमी करायची असते. आणि ती कमी होत असताना स्नायू कसे राखावेत, याविषयी मी आज बोलणार आहे.

आहार कमी केल्यावर पहिल्याच आठवड्यात वजन झपाट्याने उतरते, त्याचे कारण आधी पाहू. आपल्या यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाच्या साखरेचा साठा असतो. हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅम भरतो आणि त्यातील प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेले असते. पिष्टमय पदार्थ कमी केले की साठा आटतो, त्याबरोबरचे पाणीही जाते आणि दीड-दोन किलो वजन चरबीला फारसा धक्का न लागता उतरते. पुढे दोन दिवस पोटभर जेवले की तेच पाणी परत येते आणि मनुष्य निराश होतो. खरे तर त्या उतरण्याने हुरळून जाण्याचे कारण नव्हते आणि या चढण्याने खचण्याचेही नाही.

चरबीचा हिशेब याहून संथ असतो. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थातून 9 कॅलरी मिळतात, तर प्रथिने आणि पिष्टमय पदार्थ यांच्यातून प्रत्येकी 4. शरीरातील एक किलो चरबीयुक्त ऊतीमध्ये सुमारे 7,700 कॅलरी साठवलेल्या असतात असे मानले जाते. म्हणजे रोज गरजेपेक्षा 500 कॅलरी कमी घेऊन तेवढी तूट ठेवली तर एक किलो चरबी जायला ढोबळमानाने पंधरा दिवस लागतात. आठवड्याभरात पाच किलो चरबी घटवण्याचे आश्वासन जो देतो, त्याने हा गुणाकार तरी करून पाहावा. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, जळालेली चरबी घामावाटे निघून जात नाही. 10 किलो चरबीचे पूर्ण ज्वलन झाले तर तिच्यातील 8.4 किलो भाग कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडतो आणि उरलेल्या 1.6 किलोचे पाणी होते. घाम काढणारे पट्टे पोटाला बांधून कमी होते ते पाणीच, आणि एक तांब्या पाणी प्यायल्यावर ते भरून निघते.

मग ही तूट भरून काढताना शरीर चरबीबरोबर स्नायूही का वापरते? जास्तीच्या ऊर्जेसाठी शरीरात चरबीचे कोठार आहे. प्रथिनांसाठी तसे निराळे कोठार नाही. स्नायूंमधील प्रथिने रोज मोडत असतात आणि रोज नव्याने बांधली जात असतात. एरवी या दोन्ही क्रिया बरोबरीने चालतात. अन्न कमी पडू लागले की बांधणी मंदावते, शिवाय साखर आणि इतर अत्यावश्यक घटक तयार करण्यासाठी लागणारी अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक, स्नायूंतून काढली जातात. ओढगस्तीच्या काळात घरातली न वापरली जाणारी वस्तू सर्वांत आधी विकायला निघते, तसाच हा व्यवहार आहे. ज्या स्नायूला काही काम नाही, तो पोसण्याचे कारण शरीराला उरत नाही.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944 आणि 1945 या वर्षांत शरीरक्रियाशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी 36 तरुण पुरुषांवर उपासमारीचा एक प्रसिद्ध प्रयोग केला. स्वेच्छेने सहभागी झालेल्या या तरुणांना 24 आठवडे दिवसाला सरासरी सुमारे 1,570 कॅलरींवर ठेवण्यात आले आणि आठवड्याला सुमारे 35 किलोमीटर चालणे त्यांना बंधनकारक होते. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. पण त्याबरोबर ताकदही गेली, अंगात सतत थंडी भरू लागली आणि मन अष्टौप्रहर अन्नातच गुंतून राहिले. आपण लक्षात घेण्याजोगी बाब त्यापुढची आहे. पुन्हा भरपूर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्या अंगावर चरबी आधी परत आली, स्नायू मागे रेंगाळले. कडक उपवासाने वजन उतरवून पुन्हा पूर्ववत खाणारा माणूस वजनाच्या जुन्या आकड्यावर पोहोचतो तेव्हा पूर्वीपेक्षा अधिक चरबीयुक्त झालेला असण्याचा धोका असतो, तो यामुळेच.

यावरून तूट किती ठेवावी हा प्रश्न येतो. नॉर्वेमधील संशोधकांनी 2011 साली खेळाडूंच्या दोन गटांची तुलना केली. दोन्ही गट वजनांचा व्यायाम करत होते. एका गटाने आठवड्याला शरीराच्या वजनाच्या सुमारे 0.7 टक्के घट साधली, दुसऱ्याने सुमारे 1.4 टक्के. सावकाश उतरणाऱ्यांच्या अंगावर स्नायू चढले, तर घाई करणाऱ्यांना त्यात वाढ साधता आली नाही. म्हणून 80 किलोच्या माणसाने आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास वजन उतरले तर समाधान मानावे, असे माझे मत आहे. ज्याच्या अंगावर चरबी पुष्कळ आहे त्याला याहून थोडा अधिक वेग चालतो. जो आधीच सडसडीत आहे त्याने मात्र आणखी सावकाश जावे, कारण चरबी जितकी कमी, तितका स्नायूंवर घाला पडण्याचा संभव जास्त.

आता प्रथिनांकडे येऊ. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने पुरतात, असे सर्वसाधारण शिफारस सांगते. हा आकडा पुरेसे अन्न मिळणाऱ्या माणसासाठी, उणीव टाळण्यापुरता काढलेला आहे. आहारात तूट ठेवून स्नायू राखायचे असतील तर 1.6 ते 2.2 ग्रॅम हे प्रमाण अधिक योग्य ठरते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा 2016 सालचा प्रयोग या बाबतीत बोलका आहे. 40 तरुणांनी गरजेपेक्षा सुमारे 40 टक्के कमी कॅलरी घेत चार आठवडे, आठवड्यातून सहा दिवस कसून व्यायाम केला. दर किलोमागे 1.2 ग्रॅम प्रथिने घेणाऱ्या गटाची चरबी सरासरी 3.5 किलोंनी घटली आणि स्नायू जवळजवळ होते तेवढेच राहिले; 2.4 ग्रॅम घेणाऱ्या गटाची चरबी 4.8 किलोंनी घटली आणि त्यांच्या चरबीविरहित वजनात उलट 1.2 किलोंची भर पडली. एवढी मोठी तूट आणि एवढा व्यायाम हे तरुणांनी देखरेखीखाली केलेले काम होते, त्याचे घरी अनुकरण करण्याचे कारण नाही. पण तूट सारखी असताना प्रथिनांनी केवढा फरक पडतो, हे त्यातून दिसते.

प्रत्यक्ष ताटात हे कसे बसवायचे? 70 किलो वजनाच्या व्यक्तीला 1.6 ग्रॅमच्या हिशेबाने रोज 112 ग्रॅम प्रथिने लागतील, म्हणजे तीन जेवणांत प्रत्येकी 35 ते 40 ग्रॅम. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम मिळतात, 300 मिलिलिटर दुधातून सुमारे 10 आणि 50 ग्रॅम कोरड्या डाळीतून 11 ते 12. दोन अंडी, एवढे दूध आणि एवढी डाळ मिळून एका जेवणाचा वाटा जवळजवळ पुरा होतो. मांसाहार करणाऱ्यांना मासे किंवा कोंबडी यांमुळे हे सोपे जाते. शाकाहारी व्यक्तीने डाळींबरोबर पिष्टमय पदार्थही पोटात जातात हे ध्यानात ठेवून भात, पोळी किंवा पाव यांचा वाटा त्या प्रमाणात आवरता घ्यावा आणि सोयाबीन, दूध, दही यांची मदत घ्यावी. प्रथिनांची पूड हे औषध नव्हे आणि विषही नव्हे; जेवणातून भागत नसेल तेव्हाची ती सोय आहे. वजन फारच जास्त असलेल्या व्यक्तीने हा हिशेब आजच्या वजनावर न करता, गाठायच्या वजनावर करावा. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत, आणि मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी आहारातली तूटही त्यांच्याच सल्ल्याने ठरवावी.

प्रथिनांचा आणखी एक फायदा असा की, त्यांच्यातील 20 ते 30 टक्के ऊर्जा ती पचवण्यातच खर्ची पडते आणि त्यांनी पोटही अधिक वेळ भरलेले वाटते. तूट टिकवून धरायची तर भुकेचा बंदोबस्त करावाच लागतो. भाज्या, फळे आणि डाळींतील चोथा त्या कामी येतो.

परंतु नुसत्या प्रथिनांनी भागत नाही. स्नायू राखायचा हे शरीराला पटवून देणारी खरी गोष्ट म्हणजे भार, आणि येथे बहुतेकांची गल्लत होते. चरबी घटवायची म्हणून हलकी वजने घेऊन पुष्कळ आवर्तने करायची आणि अंग मोठे करायचे असेल तरच जड वजने उचलायची, अशी समजूत जिममध्येही ऐकू येते. ज्या भारामुळे स्नायू वाढला, तोच भार तो टिकवतो. उपाशी अंगाला दमवणारी शंभर हलकी आवर्तने त्याची जागा घेत नाहीत. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, सर्व मोठ्या स्नायूंना काम मिळेल अशा पाच-सहा हालचाली पुरतात: बैठक, कमरेतून वाकून वजन उचलणे, छातीपासून वजन पुढे ढकलणे, ते डोक्यावर नेणे, आणि अंगाकडे ओढणे. प्रत्येकीचे दोन ते चार सेट, म्हणजे मध्ये विसावा घेत केलेल्या फेऱ्या, आणि प्रत्येक सेटमध्ये 6 ते 12 आवर्तने.

नवख्या माणसाने बैठकीची सुरुवात खुर्चीपासून करावी. पाय खांद्यांइतके फाकवून, पाऊल पूर्ण जमिनीला टेकवून, खुर्चीला नितंब जेमतेम लागेपर्यंत दोन-तीन सेकंद घेत खाली जावे आणि टाचांवर जोर देत उठावे. पहिली आठ आवर्तने सारख्या गतीने होतात. नववीला उठताना गती आपोआप मंदावते, मांडी थरथरते, आणि अकरावी करून झाल्यावर वाटते की फार तर आणखी दोन होतील. तेथेच थांबावे. हा मंदावलेला शेवट महत्त्वाचा असतो, कारण तेव्हा त्या स्नायूतले जवळजवळ सर्व तंतू कामाला लागलेले असतात. बारा आवर्तने सहज होऊ लागली की छातीशी एक डंबेल धरावे, पुढे त्याहून जड. केलेले वजन आणि आवर्तने वहीत लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. खाणे कमी असताना दर वेळी आकडे वाढतीलच असे नाही, परंतु ते टिकून आहेत तोवर स्नायू टिकून आहेत असे समजायला हरकत नाही. आकडे सलग दोन-तीन आठवडे घसरू लागले, तर तूट जास्त झाली आहे किंवा विश्रांती अपुरी पडते आहे.

स्त्रियांना वजने उचलल्याने अंग पुरुषी होईल अशी भीती घातली जाते. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण पुरुषांच्या मानाने फारच कमी असते आणि खाण्यात तूट असताना तर स्नायू राखणे हेच काम असते. ती भीती मनातून काढून टाकावी. वयाचेही असेच आहे. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात वृद्धाश्रमातील, सरासरी 87 वर्षे वयाच्या अशक्त व्यक्तींनी दहा आठवडे वजनांचा व्यायाम केला आणि त्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. पन्नाशीनंतर तर स्नायू आपसूकच झडत असतात, त्यामुळे त्या वयात केवळ उपवासाने वजन घटवणे मला धोक्याचे वाटते.

चालणे, पोहणे, सायकल हे सर्व चांगलेच आहे. पण त्यांना पूरक स्थान द्यावे. अमुक एका जागेची चरबी त्या जागेच्या व्यायामाने घटत नाही, हेही येथेच सांगतो. पोटाचे व्यायाम पोटाचे स्नायू बळकट करतात. त्यांच्यावरची चरबी एकूण तुटीने आणि शरीराच्या स्वतःच्या क्रमाने जाते, आणि बहुतेक पुरुषांत पोटाचा नंबर शेवटी लागतो.

झोपेकडे मात्र दुर्लक्ष नको. शिकागो विद्यापीठाच्या 2010 सालच्या एका लहान अभ्यासात एकाच गटातल्या व्यक्तींना, तेवढ्याच तुटीच्या आहारावर, चौदा दिवस साडेआठ तास आणि चौदा दिवस साडेपाच तास झोपण्याची मुभा दिली गेली. दोन्ही वेळी वजन सुमारे तीन किलोच घटले. परंतु पुरेशा झोपेत त्यातली 1.4 किलो चरबी होती आणि अपुऱ्या झोपेत केवळ 0.6 किलो. काट्याला हा फरक दिसला नसता.

मग मोजायचे कसे? वजन रोज सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्याआधी घ्यावे आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून पाहावी. पंधरा दिवसांतून एकदा बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता कमरेला टेप लावावी. कंबर घटते आहे आणि व्यायामाच्या वहीतले आकडे टिकून आहेत, तर सरासरी वजन अगदी थोडेच हलले तरी काम योग्य मार्गाने चालले आहे. नवख्या माणसात चरबी जाते त्याच वेळी स्नायू वाढतात, म्हणून काटा स्थिर दिसतो. अंगातून वीज सोडून चरबीची टक्केवारी सांगणारी यंत्रे शरीरातील पाण्यानुसार आकडा बदलतात, त्यांच्या एका दिवसाच्या निकालावर भरवसा ठेवू नये.

अशी तूट आठ ते बारा आठवडे चालवल्यावर काही आठवडे विराम घ्यावा. त्या काळात वजन स्थिर राहील इतपत अन्न वाढवावे, म्हणजे मुख्यतः पिष्टमय पदार्थांचा वाटा थोडा मोठा करावा. ग्लायकोजेन आणि पाणी परतल्याने काटा किलो-दीड किलो वर जाईल, त्याने गडबडून पुन्हा उपाशी राहू नये. प्रथिने तेवढीच ठेवावीत आणि व्यायाम एक दिवसही कमी करू नये. पोटात पुरेसे अन्न असल्यामुळे अडून राहिलेली वजने बहुधा याच आठवड्यांत पुढे सरकतात. नमस्कार.