साप न पाहिलेली मुलगी सापाला का घाबरते?

[हातात हिरवा पाईप]

नमस्कार मंडळी. हा पाईप बघा. आमच्या कुळागरात पोफळींना पाणी घालायचा. जुना झालाय, मधे एक जोड आहे, तिथे मी सुतळी गुंडाळलीय. यात घाबरण्यासारखं काही दिसतंय का? मला नाही दिसत. पण माझी अडीच वर्षांची भाची याच्या चार हातांच्या आत पाऊल टाकत नाही.

झालं असं. गेल्या पावसाळ्यातली संध्याकाळ, लाईट गेलेली. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पाऊस लागला की लाईट जाते, ती काही बातमी नाही. पोर सोप्यावरून उतरून अंगणात पाईपाचं टोक ओढत बसली होती. माझी आई बॅटरी घेऊन बाहेर आली, उजेड त्या हिरव्या वेटोळ्यावर पडला आणि ती ओरडली, "आयो!"

बस्स, एकच शब्द. पुढच्या क्षणी आईला कळलं की हा तर पाईप, ती स्वतःशीच हसलीसुद्धा. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. पोरीने पाईपाकडे पाहिलंच नव्हतं. तिने पाहिलं होतं आजीच्या तोंडाकडे.

या मुलीने आयुष्यात साप पाहिलेला नाही. मग ती नेमकी कशाला घाबरली? आणि इतक्या झटक्यात कशी?

१९८५ साली जेम्स सॉर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. एक टेबल. अर्ध्यापर्यंत साधं, पुढे जाड काच, आणि काचेखाली वीतभर-दीड वीत खोल जागा. म्हणजे रांगणाऱ्या मुलाला वाटावं की इथे पायरी आहे, पण नक्की काय ते कळू नये. पलीकडच्या टोकाला आई. मुलं वर्षभराची. आईने बोलायचं नाही, फक्त चेहरा करायचा. हसऱ्या चेहऱ्याच्या आया समोर होत्या तेव्हा १९ पैकी १४ मुलं काच ओलांडून आली. घाबरलेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही आलं नाही. एकही!

म्हणजे बोलता येण्याआधी माणसाला एक वाचन येतं. चेहऱ्याचं.

आता त्याच दशकातला दुसरा प्रयोग, आणि आजचा सगळा व्हिडिओ मी ज्याच्यासाठी करतेय तो हाच. अमेरिकेत सुझन मिनेका आणि मायकल कुक यांनी प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं घेतली. जंगलातलं माकड सापाला घाबरतं, पण ही पिंजऱ्यात वाढलेली. सापापलीकडे शेंगदाणा ठेवला तर खुशाल हात घालून उचलायची. मग त्यांना फिल्म दाखवली: एक जंगली माकड साप पाहून थरथरतंय, मागे सरतंय. तेवढ्याने ही माकडंही सापाला घाबरायला लागली.

इथपर्यंत ठीक. पुढची गंमत बघा. त्यांनी तीच फिल्म कापून, जोडून अशी केली की माकड घाबरतंय ते फुलांना पाहून. तोच चेहरा, तीच थरथर, समोर फक्त फुलं. ती फिल्म पाहून माकडं फुलांना घाबरायला शिकली का? नाही. खोट्या मगरीला घाबरायला शिकली, खेळण्यातल्या सशाला नाही शिकली.

म्हणजे भीती जन्मतः भरलेली नसते, तशी पाटी कोरीही नसते. जमीन आधीच नांगरलेली असते. बी दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून येऊन पडतं, आणि ते सगळीकडे रुजत नाही. सापाचं पटकन रुजतं. फुलाचं नाही.

ही जमीन नांगरली कोणी?

१९२४ साली दक्षिण आफ्रिकेत टाउंग इथे एक छोटी कवटी सापडली. तीन-चार वर्षांचं पोर, आपल्या पूर्वजांच्या कुळातलं, पंचवीस लाख वर्षांहून जुनं. ते मेलं कशाने, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. मग डोळ्यांच्या खोबणीतल्या भोकांकडे आणि ओरखड्यांकडे लक्ष गेलं. आजचे मोठे गरुड माकडं मारतात, तेव्हा त्या माकडांच्या कवट्यांवर तशाच खुणा राहतात. त्या पोराला गरुडाने उचललं असावं. आपण स्वतःला शिकारी वगैरे म्हणवतो ना, त्याच्या कितीतरी आधी आपण शिकार होतो.

अशा जगात प्रत्येकाने स्वतः अनुभव घेऊन शिकायचं म्हटलं तर शिकण्याची संधी एकदाच मिळते. म्हणून दुसऱ्याकडे बघून शिकायचं. केनियातल्या अंबोसेलीत व्हर्व्हेट नावाची माकडं आहेत. १९८० साली त्यांच्यावरचा अभ्यास छापून आला. त्यांच्या धोक्याच्या हाका वेगवेगळ्या. बिबट्याची हाक आली की सगळे झाडावर. गरुडाची आली की मान वर आणि झुडपात. सापाची आली की मागच्या पायांवर उभं राहून गवतात शोधाशोध. पिल्लं चुकतात. कुठलाही पक्षी दिसला की गरुडाची हाक देतात, कधी पडणाऱ्या पानालासुद्धा. आमची आई पाईपाला "आयो!" म्हणाली, ती याच घराण्यातली.

आणि चुकलेली बरी, हे लक्षात घ्या. पाईपाला साप समजलं तर एक किंकाळी वाया जाते. सापाला पाईप समजलं तर माणूस जातं. हा हिशोब लाखो वर्षं चालला, त्यामुळे जे जास्त दचकायचे त्यांचेच आपण वंशज. निवांत मंडळींची पोरं फारशी उरली नसावीत.

शरीरात हे कसं घडतं ते सांगायला मला इंग्रजी पुस्तकापेक्षा मराठी पुरते. मेंदूत बदामाच्या आकाराची एक गाठ असते, अमिग्डाला. डोळ्याला काय दिसलं ते नीट उमगायच्या आत ती घंटा वाजवते. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात. रक्त आतड्यांकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं: पोटात गोळा आला. लाळ आटते: तोंडाला कोरड पडली. कातडीकडचा रक्तपुरवठा कमी होतो: हातपाय गार पडले. अंगावर काटा येतो, तो तर आपल्या अंगावर दाट केस होते तेव्हाचा. मांजर पिंजारतं तसं मोठं दिसायला उपयोगी पडायचा. आता केस गेले, काटा राहिला. लढा किंवा पळा, ही जोडी वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये मांडली. त्यात पुढे "पाय जमिनीला खिळले" हेही जोडलं गेलं. आमच्या आजीला तिन्ही ठाऊक होतं, नाव ठाऊक नव्हतं.

आजीवरून आठवलं. ती तिन्हीसांजेनंतर साप हा शब्द उच्चारू द्यायची नाही. "लांबडं म्हण. जनावर म्हण." नाव घेतलं की येतं म्हणे. आता ते येत नाही हे मला कळतं. तरी रात्री कुळागरात जाताना मीही लांबडंच म्हणते. काय करणार?

[जागा बदलून]

आता आपल्या गोव्यात या. लढणं, पळणं, गोठणं हे प्राण्यालाही जमतं. माणूस चौथी एक गोष्ट करतो, ती मला जास्त भारी वाटते. तो भीती कुणाच्या तरी हवाली करतो.

वेताळाचं देऊळ पाहिलंय ना? बेताळ म्हणा. आमोण्याला, प्रियोळला, लोलयेला. त्याला चामड्याच्या वहाणा अर्पण करतात. का? तो रात्री गावाची राखण करत फिरतो, वहाणा झिजतात. काय व्यवस्था आहे बघा! गावाला रात्रीची भीती वाटते, म्हणून गावाने जो सगळ्यात भयंकर दिसतो त्यालाच रखवालीला ठेवलं, आणि पगार चपलांत. सातेरी देवीचंही तेच, तिची पूजा वारुळाच्या रूपात. वारूळ म्हणजे सापाचं घर. तिथून पळ काढायचा सोडून आपल्या लोकांनी त्याला आई म्हटलं. वाघ्रो म्हणून वाघालाही शेंदूर लावला. आणि ही हवाली मोडली की काय होतं, तेही आपण पाहिलंय. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावलीला चार वाघ विष घालून मारले गेले.

हे अडाणी लोकांचं, असं कुणी म्हणत असेल तर थांबा. नोव्हेंबर १६८३. संभाजीराजांच्या फौजेने रात्रीत जुवे बेट घेतलं, जुने गोवे अगदी समोर. पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर बेट परत घ्यायला गेला आणि मार खाऊन, जखमी होऊन कसाबसा परतला. आता लढून झालेलं, पळायला जागा नाही. त्याने काय केलं? बॉम जेझू चर्चमध्ये गेला, सेंट झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड संताच्या हाती दिला. आता तुम्हीच सांभाळा. पुढे मुघल फौज कोकणात उतरल्यामुळे राजांना माघारी वळावं लागलं, तो भाग वेगळा. पण दंड ठेवणारा व्हाइसरॉय आणि वहाणा ठेवणारा आमचा गावकरी, या दोघांत मला फारसा फरक दिसत नाही.

आणि पळणं? त्याचा तर नकाशाच आहे. फोंड्यात एवढी मोठी देवळं इतकी जवळजवळ का? मंगेशी मूळचा कुशस्थळीचा, १५६० मध्ये जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. तिसवाडी, बार्देश, साष्टीत देवळं पाडली जात होती, अंत्रुज महाल, म्हणजे हा फोंडा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पोर्तुगिजांच्या हाती गेला नव्हता. रविवारी आपण गाडीने जी देवळं करतो, तो एका पळापळीचा रस्ता आहे. माणसं पळाली, आणि पळताना आपले राखणदार पाठुंगळीला घेऊन पळाली.

पण आता फुलांची फिल्म आठवा. काही भीत्या रुजतच नाहीत.

जुने गोवे ओस पडलं ते रोगांनी. कॉलरा आणि मलेरिया. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात कॉलऱ्याचं वर्णन केलंय, नाव आपलं: मोडशी. पोर्तुगिजांनी तिचं मोर्देशीं केलं, आणि फ्रेंचांनी ऐकून "मोर द शियाँ" केलं, म्हणजे कुत्र्याचं मरण. शब्दाला दात फुटले, कारण माणसांना दिसणारा शत्रू हवा होता. मलेरियाचा अर्थच मुळी वाईट हवा. हवेला घाबरून लोक गेले, शेवटी १८४३ मध्ये राजधानीही रीतसर पणजीला गेली. आणि डास? डासाला कुणी घाबरलं नाही. त्याच्या पोटात मलेरियाचा जंतू रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला दिसला तो १८९७ साली. आजही डास बघून कुणाच्या अंगावर काटा येत नाही.

तसंच स्कूटरचं. सर्पदंशाने भारतात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात असा अंदाज आहे. भयानक आकडा. रस्त्यावर २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजार गेली. तरी हेल्मेट कुठे असतं? हँडलला, पोलीस दिसेपर्यंत. मीही केलंय, खोटं कशाला बोलू. स्कूटर म्हणजे फूल. कितीही चेहरे करून दाखवा, बी रुजत नाही.

रुजतं कुठलं? साप, अंधार, उंच कडा. आणि अनोळखी माणूस. आठ-नऊ महिन्यांचं बाळ परक्याला पाहून रडायला लागतं, ही जमीन इतकी जुनी नांगरलेली.

[पाईप खाली ठेवून]

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागायला आलेले भटक्या समाजातले पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज आणि व्हिडिओ तेव्हा सगळीकडे फिरत होते. जमावाने त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जणांना.

त्या दिवसांत देशभर फिरणारा एक व्हिडिओ होता. मोटरसायकलवरून दोघं येतात, मूल उचलून पसार होतात. तो मूळचा कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा. शेवटी ते मूल परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा, असा फलक दाखवतात. फिरवताना तो शेवट कापला होता.

कापलेली फिल्म. मिनेकाबाईंनी प्रयोगशाळेत केली तशीच. फक्त इथे फुलाच्या जागी परका माणूस होता, म्हणून रुजली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचांनाच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. माकडाच्या हाकेला अंतर असतं, ती ऐकू येते तेवढ्यांनाच ऐकू येते. ज्याने हाक दिली तो त्याच झाडावर असतो, खोटी ठरली तर सगळ्यांना कळतं. इथे हाक देणारा कुठल्या झाडावर होता, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या खोलीबाहेर उभे असलेले एकमेकांच्या चेहऱ्यांकडे बघत होते, असं मला सारखं वाटतं. आत कोण आहे ते बघायला आत जावं लागलं असतं, शांतपणे विचारावं लागलं असतं.

परवा शेजारच्या वहिनी आल्या होत्या, त्यांचा वर्षाचा मुलगा घेऊन. तो सोप्यावरून रांगत खाली उतरला आणि थेट या पाईपाकडे निघाला. आमची बया चार हात लांब उभी होती. तिने डोळे एवढे मोठे केले, दोन्ही हात छातीशी घेतले आणि आजीच्याच सुरात ओरडली, "आयो!"

मुलगा थांबला. मान वळवून त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, खालचा ओठ पुढे आला, आणि तो बुडावर बसून मागे सरकला. पाईपाकडे त्याने पाहिलंच नाही.